पाणवेली पाण्यातील जड धातू शोषते. पण पुढे त्या धातूंचे काय?

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की नाशिककडून वाहत आलेले पाणवेलीचे थर सायखेडा-चांदोरीच्या पुलाला अडकतात आणि उरलेले नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यात जाऊन पसरतात. निफाड तालुक्यातील नदीकाठच्या गावांना हे चित्र नवीन नाही. जेसीबी लावून वेल काठावर काढली जाते, ढीग लागतात आणि मग शेतकरी हमखास विचारतात, ‘फुकट मिळते आहे, खड्ड्यात टाकून कंपोस्ट केले तर चालेल का?’ दुसरा प्रश्न बहुधा तरुण मुलांकडून येतो. त्यांनी मोबाइलवर वाचलेले असते, की पाणवेली पाण्यातील शिसे, क्रोमियम, कॅडमियम शोषून घेते. मग ती काढता कशाला, राहू द्या की नदीत!

पाणवेली धातू शोषते हे खरे आहे. पण ती धातू नष्ट करत नाही, फक्त पाण्यातून उचलून स्वतःच्या अंगात साठवते. त्यामुळे वेल नदीतच कुजली तर धातू पुन्हा नदीत जातात आणि वेलीचे खत शेतात टाकले तर ते शेतात येतात. वरच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यातच आहे.

धातू येतात कोठून?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत अभियांत्रिकी उद्योग मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना लागणारे प्लेटिंगचे कामही इथे चालते. लोखंडी भागावर क्रोमियम, निकेल किंवा जस्ताचा मुलामा दिल्यावर तो भाग पाण्यात धुतात. त्या धुण्याच्या पाण्यात हे धातू उतरतात. नियमानुसार त्या पाण्यावर प्रक्रिया करूनच ते सोडायचे असते. प्रक्रिया न होता सुटलेले पाणी नाल्यात जाते. याच भागातून वाहणारी नासर्डी, म्हणजे नंदिनी, पुढे टाकळीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि उपायांसाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचा सल्ला घेतला गेला. आता २०२७च्या सिंहस्थामुळे नदी स्वच्छतेची चर्चा पुन्हा जोरात आहे.

पाणवेली एवढी माजते ती मात्र धातूंमुळे नव्हे. तिला लागते घरगुती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद. हिरवीगार दाट पाणवेली दिसली, की वरून मैलापाणी येत आहे एवढे नक्की समजावे. त्यात धातू आहेत की नाहीत, हे वेलीकडे पाहून कळत नाही. पाणी नितळ दिसले म्हणूनही ते धातूमुक्त ठरत नाही, कारण विरघळलेले निकेल किंवा कॅडमियम डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

मुळे नेमके काय करतात?

पाणवेली उपटून पाहिली, तर खाली काळपट जांभळ्या, पिसासारख्या मुळांचा झुपका दिसतो. सारे काम या झुपक्याचे आहे. मुळांच्या पेशीभित्तिकेवर ऋण भार असतो आणि पाण्यात विरघळलेल्या बहुतेक धातूंचे कण धन भाराचे असतात. ते मुळांना चिकटतात. मातीच्या बारीक कणांना पोटॅश चिकटून राहतो, तसाच हा प्रकार आहे. पाण्यात तरंगणारा बारीक गाळही याच झुपक्यात अडकतो आणि गाळाला चिकटलेले धातू त्याच्याबरोबर अडकतात. थोडा भाग मुळांच्या आत शिरतो. तिथे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी त्याला विशिष्ट प्रथिनांसारख्या रेणूंनी बांधून पेशीतील रसधानीत कोंडून ठेवते.

म्हणून धातूंचा मोठा साठा मुळांत राहतो, पाना-देठांत तो बराच कमी असतो. सगळे धातू सारखे वागत नाहीत. शिसे आणि क्रोमियम बहुतेक मुळांतच अडकून राहतात. कॅडमियम आणि जस्त त्या मानाने सहज वर चढतात. क्रोमियममध्येही दोन प्रकार आहेत. प्लेटिंगच्या पाण्यातील षट्संयुजी क्रोमियम फार विषारी असते. पाणवेलीच्या मुळांत त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी रूपात रूपांतर होते, आणि ही खरोखर उपयोगाची गोष्ट आहे.

ही कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील ‘नासा’च्या केंद्रात वोल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने सांडपाणी आणि प्रयोगशाळेतील रासायनिक पाणी पाणवेलीच्या तळ्यांतून सोडून पाहिले होते. त्यानंतर पाणकणीस, नळगवत, कर्दळ, वाळा, अझोला, टिकलीएवढ्या पानांची डकवीड अशा अनेक वनस्पतींवर जगभर काम झाले. आपल्याकडे ‘नीरी’ने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धत याच जातीची आहे. त्यात खडीच्या वाफ्यात पाणवनस्पती लावून त्यातून सांडपाणी संथ वाहू देतात. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात असा प्रकल्प उभारलेला आहे. मात्र ही पद्धत मुख्यतः घरगुती सांडपाण्यासाठी आहे, कारखान्याच्या धातूयुक्त पाण्यासाठी नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

किती वेल, किती धातू: एक हिशेब

‘नाल्यात पाणवेली सोडा, प्रश्न संपला’ असे कोणी म्हणाले, तर पुढचा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा, एका नाल्यातून रोज १० लाख लिटर पाणी वाहते आणि त्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम निकेल आहे. म्हणजे रोज ५०० ग्रॅम निकेल वाहून जाते. चांगल्या वाढीच्या दिवसांत एक चौरस मीटर पाणवेली रोज साधारण २० ग्रॅम कोरडे वजन वाढवते असे धरू. एका हेक्टरवर ही वाढ रोज २०० किलो झाली. त्या वाढीत किलोमागे ५०० मिलिग्रॅम निकेल साठले, तर एक हेक्टर वेल दिवसाला १०० ग्रॅम निकेल उचलेल. म्हणजे सगळे ५०० ग्रॅम उचलायला ५ हेक्टर पाणवेली लागेल, आणि वाढलेली २०० किलो कोरडी वेल प्रत्येक हेक्टरमधून रोजच्या रोज बाहेर काढावी लागेल. ताज्या पाणवेलीत ९० ते ९५ टक्के पाणी असते. त्यामुळे २०० किलो कोरडी वेल म्हणजे हेक्टरी रोज दोन ते चार टन ओला माल.

हा माल रोज कोण काढणार, कुठे टाकणार? एवढ्या जागेचे तळे शहराजवळ कुठे मिळणार? त्यामानाने कारखान्याच्या आवारातच चुना टाकून पाण्याचा सामू वाढवला, तर बहुतेक धातू साक्याच्या रूपात खाली बसतात आणि तेही छोट्याशा टाकीत. षट्संयुजी क्रोमियमचे मात्र आधी त्रिसंयुजी रूप करून घ्यावे लागते, मगच ते चुन्याने बसते. त्यामुळे पाणवनस्पतींची जागा शेवटच्या टप्प्यावर आहे. मुख्य प्रक्रिया झाल्यानंतर पाण्यात जो थोडा अंश उरतो, तो टिपण्यासाठी त्या चांगल्या.

आपल्या भागात हवामानाचीही अडचण आहे. पाणवेलीची वाढ २५ ते ३० अंशांत जोमाने होते आणि थंडीत मंदावते. निफाडची थंडी सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे किमान तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत असते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नदीचा प्रवाह कमी होऊन घाण दाटते, नेमके तेव्हाच वेलीचे काम थंडावते. आणि पावसाळ्यात वेलच पुराबरोबर निघून जाते.

वेल नदीतच मेली तर

पाणवेलीचे झाड जुने होते, खालची पाने आणि मुळे कुजतात, तळाशी बसतात. त्यांच्यातील धातू गाळात जातात आणि गाळ ढवळला गेला, की काही अंश पुन्हा पाण्यात येतो. तणनाशक फवारून पाणवेली मारण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. त्यात हाच दोष आहे. मेलेली वेल जागेवर कुजते, शोषलेले सगळे परत देते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवून मासेही मारते. शिवाय नदीतून मोटारीने पाणी घेणाऱ्या द्राक्ष किंवा भाजीपाल्यावर तणनाशकाचा अंश जाण्याची भीती वेगळीच. पाणवेली खाणारे भुंगे १९८०च्या दशकात भारतात आणले गेले. तण म्हणून ते वेल आटोक्यात ठेवतात, पण धातूंच्या दृष्टीने तिथेही वेल पाण्यातच मरते.

म्हणून धातू काढण्यासाठी वेल वाढवायची असेल, तर दर दोन-तीन आठवड्यांनी निम्मी वेल मुळासकट बाहेर काढणे हाच त्या कामाचा गाभा आहे. काढणी नसेल तर शुद्धीकरण नाही. नांदूरमध्यमेश्वर तर पक्ष्यांचे अभयारण्य आहे, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते २०२० मध्ये जाहीर झाले. तिथे वेलीचा जाड थर साचू देणे पक्ष्यांनाही परवडणारे नाही आणि बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांनाही.

काठावरच्या ढिगाचे कंपोस्ट करावे का?

हे वेल कोणत्या पाण्यातली आहे यावर अवलंबून आहे.

गावतळ्यातील किंवा फक्त घरगुती सांडपाण्यावर वाढलेली पाणवेली कंपोस्टला चांगली आहे. तिच्यात नत्र आणि पालाश भरपूर असते. दोन-तीन दिवस उन्हात सुकवून, गव्हाचे काड किंवा कोरडा पालापाचोळा आणि शेण मिसळून खड्डा भरावा. पाणी फार असल्याने ओली वेल तशीच भरली तर खड्डा सडतो, कुजत नाही. ढीग आतून चांगला तापला पाहिजे, म्हणजे वेलीचे कांडे आणि बी मरते. अर्धवट कुजलेले खत शेततळ्याजवळ टाकू नये. पाणवेलीचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते.

औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या नाल्याच्या खालच्या बाजूची वेल असेल, तर तपासणीशिवाय खत करू नये. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कंपोस्ट होताना कोरड्या पदार्थाचा जवळपास निम्मा भाग वायू होऊन उडून जातो. धातू उडत नाहीत. समजा, वाळलेल्या वेलीत क्रोमियम किलोमागे ४० मिलिग्रॅम होते, तर तयार खतात ते ८० च्या आसपास जाते. खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खतासाठी क्रोमियमची कमाल मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेत दिसणारी वेल मर्यादेबाहेरचे खत देऊ शकते. याच आदेशात कॅडमियमला ५, निकेलला ५०, शिशाला १००, तांब्याला ३०० आणि जस्ताला १००० मिलिग्रॅम प्रति किलो अशी मर्यादा आहे. गांडूळखत केल्याने धातू जातात असा एक समज आहे. गांडूळ थोडेफार स्वतःच्या अंगात घेतात, बाकीचे खतात राहतात.

अशी वेल जनावरांना घालू नये. बायोगॅसला वापरली तर गॅस मिळेल, पण स्लरीत धातू राहतीलच. जाळणे सर्वांत वाईट, कारण राखेत धातू आणखी दाटतात आणि कॅडमियमसारखा धातू धुरातही जातो. तपासणीत धातू मर्यादेबाहेर निघाले, तर तो माल घातक कचऱ्याच्या नियमांखाली येतो का, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे. तळोजा आणि रांजणगावला अशा कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीची केंद्रे आहेत. हे काम ग्रामपंचायत किंवा पालिकेच्या पातळीवरचे आहे, एकट्या शेतकऱ्याचे नव्हे.

कोणत्या पिकाला जास्त जपावे?

नाशिकच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू साडेसात ते साडेआठ असतो. अशा जमिनीत शिसे, निकेल, जस्त घट्ट धरले जातात, पिकाला सहज मिळत नाहीत. एरवी लोह-जस्ताची कमतरता म्हणून आपण ज्या गुणधर्माला नावे ठेवतो, तोच इथे पिकाला वाचवतो. पण धरून ठेवणे म्हणजे साठणे. वर्षानुवर्षे तेच पाणी दिले तर साठा वाढत जातो.

पालेभाज्या सर्वांत जास्त धातू घेतात, त्यानंतर कंदवर्गीय भाज्या, आणि फळांमध्ये त्यामानाने कमी जातात. म्हणजे नाल्याच्या पाण्यावरची कोथिंबीर, मेथी, पालक ही द्राक्षांपेक्षा जास्त जोखमीची. पालेभाज्यांत कॅडमियम किलोमागे ०.२ आणि शिसे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी कोडेक्सची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. जुडी धुतल्याने वरची धूळ जाते, आत शोषलेला धातू जात नाही. अळूचे विशेष सांगायला हवे. मोरीच्या पाण्यावर परसात अळू लावण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. पण औद्योगिक नाल्याच्या काठी आपोआप वाढलेले अळू किंवा नाळीची भाजी तोडून विकायला आणू नये. या दोन्ही वनस्पती चिखलातील धातू चांगल्या ओढतात, इतक्या की शुद्धीकरणाच्या प्रयोगांत त्या मुद्दाम लावतात.

सगळा दोष कारखान्यांवरही टाकता येत नाही. जुन्या द्राक्षबागेच्या मातीत तांबे जास्त निघाले, तर आधी स्वतःच्या फवारणीची वही काढावी. बोर्डो मिश्रणातील मोरचूद, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांचे तांबे बागेतच राहते. मँकोझेबमधून जस्त आणि मंगल येते. स्फुरदयुक्त खतांतून थोडे कॅडमियमही येते.

नदीचे पाणी घ्यावेच लागत असेल तर

उन्हाळ्यात एक एकर भाजीपाल्याला ठिबकने दिवसाला सुमारे २० हजार लिटर पाणी लागते. एवढे पाणी शेताच्या कडेला गाळून घेता येते. आधी एक खोल निवळण खड्डा घ्यावा. त्यात पाणी किमान एक दिवस शांत राहिले पाहिजे. नदीच्या पाण्यातील धातूंचा बराच भाग बारीक गाळाला चिकटलेला असतो, म्हणून हा साधा खड्डा पुष्कळदा वनस्पतींपेक्षा जास्त काम करतो. तो वगळून नुसती कर्दळ लावू नये.

त्यापुढे खडीचा वाफा. खाली जाड प्लास्टिक कागद, त्यावर ६० सेंटिमीटर खडी, पाण्याची पातळी खडीच्या थोडी खाली म्हणजे डास होत नाहीत. खडीच्या पोकळीत साधारण ४० टक्के पाणी मावते. २० हजार लिटर पाणी दोन दिवस वाफ्यात थांबवायचे, तर सुमारे १०० घनमीटर खडी आणि १६५ ते १७० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे दीड गुंठ्याहून थोडी जास्त. वाफ्यात कर्दळ, वाळा किंवा पाणकणीस लावावे. पाणवेली मुद्दाम आणू नये. एकदा शेततळ्यात शिरली की निघत नाही आणि तिच्या पानांतून उघड्या तळ्यापेक्षा जास्त पाणी उडते. कर्दळीचे वरचे वाढलेले भाग वर्षातून दोन-तीनदा कापावेत. तो पाला आणि निवळण खड्ड्यातील गाळ तपासल्याशिवाय भाजीच्या शेतात टाकू नये. खर्चाचा मोठा भाग खडी आणि कागदाचा असतो. दोघा-तिघांनी मिळून एक वाफा केला तर परवडतो.

असा वाफा गढूळपणा, मैल्याची घाण आणि धातूंचा काही भाग कमी करतो. नाल्यात थेट प्लेटिंगचे पाणी येत असेल, तर तो पुरा पडणार नाही. तिथे पिकाला ते पाणी न देणे हाच उपाय, आणि तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

तपासणी कशी मागावी?

सिंचनाच्या पाण्याच्या नेहमीच्या परीक्षणात सामू, क्षारता, सोडियमचे प्रमाण एवढेच येते. जड धातू त्यात येत नाहीत. अर्जावर कॅडमियम, क्रोमियम, निकेल, शिसे, तांबे, जस्त अशी नावे लिहून वेगळी मागणी करावी लागते. ही सोय सर्व प्रयोगशाळांत नसते. कुठे आहे याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, गोवर्धनच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात करावी. अहवाल आल्यावर अन्न व कृषी संघटनेने सिंचनासाठी सुचवलेल्या मर्यादांशी ताडून पाहावे: लिटरमागे कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, तांबे ०.२, निकेल ०.२ आणि जस्त २ मिलिग्रॅम.

नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, धातूचे झाकण नको. प्रयोगशाळा बाटलीत आधीच थोडे नायट्रिक आम्ल घालून देते. ते नसेल तर धातू बाटलीच्या आतील बाजूला चिकटतात आणि अहवालात आकडा कमी येतो. एकच नमुना पुरत नाही. नाल्यात पाणी अनेकदा रात्री किंवा पहिल्या पावसात सोडले जाते, म्हणून एक नमुना मार्च-एप्रिलमध्ये प्रवाह कमी असताना, एक पहिल्या पावसानंतर लगेच आणि एक भल्या सकाळी मोटार सुरू केल्यावर घ्यावा. कृषी सहायकांनी गावातील चार-पाच मोटारींचे नमुने एकाच दिवशी, वरून खाली अशा क्रमाने घेतले तर कोणत्या नाल्यानंतर आकडा वाढतो ते कळते. प्रत्येक बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस होता का, एवढे लिहावे.